पाटीवरचे वहीत उतरले का?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दुकाने बंद करून घरी परतलेल्या असंख्य व्यापाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या मागण्या पाहण्यासाठी फोन हाती घेतला, तेव्हा व्हॉट्सॲप मुके झाल्याचे त्यांच्या ध्यानी आले. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचीही तीच गत होती. सुमारे सहा तास जगभर हीच स्थिती राहिली. कोणी तरी हल्ला केला असावा, असा तर्क अनेकांनी केला. प्रत्यक्षात कारण निराळे निघाले. कंपनीनेच पुढे जाहीर केल्याप्रमाणे, देखभालीच्या नित्याच्या कामात मुख्य नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा देण्यात आली आणि त्या आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे सर्व दुवे तोडले. अशी चूक अडवण्यासाठी तपासणीची व्यवस्था होती. परंतु तिच्यातही दोष होता, म्हणून तिने ती आज्ञा रोखली नाही. दुरून दुरुस्ती करावी, तर आत जाण्याचा मार्गच उरला नव्हता. अखेर माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले.

त्या रात्रीचा धडा नेटवर्किंग शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी मनात ठेवावा असा आहे. राऊटर आज्ञा पाळतो. आज्ञा देणाऱ्याचा हेतू तो ओळखत नाही. व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली आज संगणकाच्या पदविका आणि पदव्या घेत आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या हाती उद्या मोठ्या कंपन्यांची नेटवर्के येतील, तर काहींच्या हाती घरच्याच पेढीचे. दोन्हीकडे आज्ञा त्याच, आणि शिस्तही तीच.

राऊटर म्हणजे दोन किंवा अधिक नेटवर्कांच्या सीमेवर बसलेले यंत्र. माहितीचे प्रत्येक पाकीट, ज्याला पॅकेट म्हणतात, त्यावरील पत्ता पाहून ते कोणत्या दाराने पुढे पाठवायचे, हे राऊटर ठरवतो. ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसलेला अनुभवी कारकून जसा गठ्ठ्यावरील गावाचे नाव वाचून तो कोणत्या गाडीत चढवायचा हे सांगतो, तसेच हे काम. कारकुनाकडे गाड्यांचे कोष्टक असते, राऊटरकडे मार्गांचे. ज्या गावाचे नाव कोष्टकात नाही, तेथील गठ्ठा कारकून निदान बाजूला ठेवून विचारतो. राऊटर मात्र तो टाकून देतो.

या क्षेत्रातील शिक्षण बहुधा सिस्कोच्या राऊटरवर सुरू होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने १९८४ साली ही कंपनी स्थापन केली. तिच्या राऊटरवरील प्रणालीला आयओएस म्हणतात. आयफोनवरील त्याच उच्चाराच्या प्रणालीशी तिची गल्लत करू नये. अन्य कंपन्यांच्या आज्ञांची भाषा थोडी निराळी असली, तरी विचारांचा क्रम बदलत नाही. यंत्रावर या आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

राऊटरमध्ये प्रवेशाच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर केवळ थोडेसे पाहता येते. ग्राहक दुकानाच्या फळीपाशी उभा असावा तसे. ‘एनेबल’ ही आज्ञा दिली की दुसरी पायरी येते. येथे सर्व काही पाहता येते आणि यंत्र पुन्हा सुरूही करता येते. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटले की तिसरी पायरी. येथे रचना बदलता येते. ही जणू तिजोरीची खोली. आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे ओळीच्या आरंभीचे चिन्ह सांगते आणि ते वाचल्याशिवाय काहीही टंकू नये. ‘एक्झिट’ने एक पायरी खाली येता येते, तर ‘एंड’ने थेट दुसऱ्या पायरीवर. कोणत्याही क्षणी प्रश्नचिन्ह टंकले, तर पुढे कोणते शब्द चालतील याची यादी राऊटर स्वतःच देतो. पाठांतरापेक्षा या प्रश्नचिन्हाचा उपयोग अधिक होतो.

आता एका पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बाजारपेठेत कापडाचे दुकान, गावाबाहेर गोदाम. दोन्हीकडे एकेक राऊटर आणि दोघांना जोडणारा एक दुवा. दुकानातील संगणकांचे नेटवर्क १९२.१६८.१०.०, गोदामातील १९२.१६८.२०.० आणि मधल्या दुव्याचे १०.०.०.०. हे सारे खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांतील आहेत. साठ्याचा हिशेब दुकानातील मुख्य संगणकावर राहतो आणि माल गोदामातून निघतो. म्हणजे दुवा तुटला की गोदामात बिल निघत नाही आणि मालमोटार दारात उभी राहते.

या पेढीतील नातू पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होता. ही जोडणी बाहेरून माणूस बोलावून न करता आपणच करावी, असे त्याने ठरवले. आजोबांनी परवानगी दिली, ती एका अटीवर: काम रविवारी, दुकान बंद असताना करायचे.

रविवारी सकाळी त्याने दुकानातील राऊटरपासून आरंभ केला. प्रथम ‘होस्टनेम’ देऊन राऊटरला नाव दिले, कारण दोन यंत्रांवर काम करताना आपण कोणत्या यंत्रावर आहोत याचा विसर पडणे हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारी चूक असते. नंतर ‘एनेबल सीक्रेट’ने दुसऱ्या पायरीला कुलूप लावले. ‘एनेबल पासवर्ड’ हीही आज्ञा आहे. परंतु ती गुप्तशब्द रचनेत उघड्या अक्षरांत ठेवते, तर ‘सीक्रेट’ तो ओळखता येणार नाही अशा रूपात ठेवते. त्यानंतर ‘नो आयपी डोमेन लुकअप’. ही आज्ञा नसेल आणि टंकताना एखादे अक्षर चुकले, तर राऊटर त्या शब्दाला दुसऱ्या यंत्राचे नाव समजून त्याचा पत्ता शोधत बसतो आणि विद्यार्थी ताटकळतो.

मग दारांचे काम. ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०’ म्हणून दुकानाकडील दार निवडले. ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०’ असा पत्ता दिला, ‘डिस्क्रिप्शन’ने ते दार कशाचे आहे याची चिठ्ठी लावली, आणि शेवटी ‘नो शटडाउन’. ही शेवटची आज्ञा नवशिके हमखास विसरतात. सिस्कोच्या राऊटरची दारे मुळात बंद असतात. पत्ता दिला म्हणजे दार उघडले असे होत नाही. दुव्याकडील ०/१ या दाराला १०.०.०.१ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.२५२ हा मास्क दिला. या मास्कात चारच पत्ते मावतात आणि त्यांतले दोन वापरता येतात. दोन टोकांच्या दुव्याला तेवढे पुरतात. गोदामातील राऊटरला याच रीतीने १९२.१६८.२०.१ आणि १०.०.०.२ हे पत्ते मिळाले.

प्रत्येक राऊटरला स्वतःच्या दाराशी जोडलेली नेटवर्के आपोआप कळतात. पलीकडचे नेटवर्क मात्र सांगावे लागते. म्हणून दुकानातील राऊटरवर त्याने ‘आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२’ अशी आज्ञा दिली. तिचा अर्थ असा, की गोदामाच्या नेटवर्ककडे जाणारे सारे पाकीट १०.०.०.२ या पत्त्याच्या स्वाधीन करावे. एवढे झाल्यावर दोन्ही राऊटरांवर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा देऊन तो जेवायला घरी गेला.

दुपारी पाहतो, तर दुकानातील संगणक गोदामातील संगणकापर्यंत पोहोचेना. थोड्या विचारानंतर उलगडा झाला. जाण्याचा मार्ग सांगितला होता, परतीचा नव्हता. गोदामाच्या राऊटरला दुकानाचे नेटवर्क ठाऊकच नव्हते. पत्र पोहोचत होते, उत्तर येत नव्हते. त्याने गोदामात जाऊन ‘आयपी रूट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१’ ही आज्ञा दिली आणि सारे सुरळीत सुरू झाले. गोदामातील पडद्यावर दुकानातील साठ्याचे आकडे दिसू लागले. आनंदाच्या भरात त्याने लॅपटॉप मिटला आणि घर गाठले.

रात्री वीज गेली आणि पहाटे आली. सोमवारी सकाळी गोदामाच्या दारात मालमोटार उभी होती, गठ्ठे मोजून तयार होते आणि बिल निघत नव्हते. चालक दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहत होता. माल संध्याकाळपर्यंत पोहोचवण्याचा शब्द पेढीने दिला होता. बाहेरच्या माणसाला बोलावले असते तर हे झाले नसते, असे काका सर्वांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. नातवाचे तोंड उतरले. आता जे दिसेल ते बदलत सुटावे, असा मोह अशा वेळी होतो. आणि लहानसा दोष मोठा होतो, तो याच मोहापायी. गादीवर बसलेले आजोबा एवढेच म्हणाले, “बाळ, आधी पाहून घे. हात नंतर लाव.”

दोषशोधनाचे पहिले सूत्र हेच आहे. खालून वर जावे: आधी तार, मग दार, मग पत्ता, मग मार्ग आणि शेवटी संगणकावरील प्रोग्रॅम. नातवाने तार आणि दिवे पाहिले, ठीक होते. नंतर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ ही आज्ञा दिली. एका दृष्टिक्षेपात सर्व दारांची स्थिती सांगणारी ही आज्ञा विद्यार्थ्याने सर्वाधिक वापरावी. तिच्या शेवटच्या दोन रकान्यांत ‘अप’ आणि ‘अप’ असेल, तर दार चालू आहे. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असेल, तर ते बंद ठेवण्याची आज्ञाच आहे. उपाय ‘नो शटडाउन’. दोन्हीकडे नुसतेच ‘डाउन’ असेल, तर बहुधा तार निघालेली, तुटलेली किंवा पलीकडचे यंत्र बंद. पहिले ‘अप’ आणि दुसरे ‘डाउन’ असेल, तर तारेतून संकेत येतो, परंतु दोन टोकांची बोलण्याची रीत जुळत नाही. नातवाला दोन्ही दारांपुढे ‘अप’ आणि ‘अप’ दिसले.

पुढची पायरी पिंगची. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये हा लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. हाक द्यायची आणि प्रतिसाद येतो का ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. सिस्कोचा राऊटर पाच हाका देतो. प्रतिसाद आला की उद्गारचिन्ह, वेळेत आला नाही की टिंब. पहिले टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हे आली, तर घाबरू नये. पहिल्या हाकेच्या वेळी शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधण्यात वेळ जातो.

नातवाने दुकानातील राऊटरवरून गोदामाच्या १९२.१६८.२०.१ ला हाक दिली. पाचही उद्गारचिन्हे! तरीही दुकानातील संगणकावरून प्रतिसाद शून्य. येथे अनेक विद्यार्थी फसतात आणि दोष संगणकाचा ठरवून त्याच्या मागे लागतात. नातू क्षणभर थांबला. राऊटर स्वतः हाक देतो, तेव्हा ती ज्या दारातून बाहेर पडते त्या दाराचा पत्ता पाठवणारा म्हणून लिहितो. म्हणजे येथे १०.०.०.१. हा पत्ता गोदामाच्या राऊटरच्या शेजारचाच, म्हणून उत्तर सहज आले. दुकानातील संगणक मात्र १९२.१६८.१० च्या घरातला. म्हणून त्याने ‘पिंग १९२.१६८.२०.१ सोर्स १९२.१६८.१०.१’ अशी आज्ञा दिली. म्हणजे हाक राऊटरनेच द्यायची, परंतु दुकानाच्या नावाने. पाचही टिंबे आली. दोष परतीच्या वाटेवर आहे, हे सिद्ध झाले. आणि आतापर्यंत एकही गोष्ट बदललेली नव्हती.

अशा वेळी ‘ट्रेसराऊट’ ही आज्ञाही साह्य करते. ती वाटेवरील एकेका राऊटरला उत्तर द्यायला लावून मार्गाचे टप्पे दाखवते. विंडोज संगणकावर तिचे रूप ‘ट्रेसर्ट’ असे आहे. परंतु तिचा अर्थही सावधपणे लावावा. दुकानातील संगणकावरून ती चालवली असता पहिला टप्पा दिसला आणि पुढे केवळ तारका आल्या. पुढचा दुवा तुटला असा त्याचा अर्थ कोणी काढला असता. वास्तविक पाकीट पलीकडे पोहोचत होते, तेथून उत्तराला वाट नव्हती.

नातू कन्सोलची तार घेऊन गोदामात गेला. तेथील राऊटरवर ‘शो आयपी रूट’ दिली. या कोष्टकात सी अक्षराने आरंभ होणारी ओळ म्हणजे थेट जोडलेले नेटवर्क, एल म्हणजे राऊटरचा स्वतःचा पत्ता आणि एस म्हणजे माणसाने हाताने सांगितलेला मार्ग. सी आणि एल होते, एस नव्हता. रविवारी दुपारी दिलेली ओळ नाहीशी झाली होती.

कारण त्याला तत्काळ कळले. राऊटरकडे रचनेच्या दोन प्रती असतात. चालू रचना, म्हणजे रनिंग-कॉन्फिग, तात्पुरत्या स्मृतीत राहते. दिलेली प्रत्येक आज्ञा तिच्यात त्याच क्षणी लागू होते. आरंभीची रचना, म्हणजे स्टार्टअप-कॉन्फिग, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत राहते आणि यंत्र सुरू होताना तीच वाचली जाते. सकाळचे काम त्याने पक्के केले होते. दुपारची एक ओळ राहून गेली होती. त्याने ती पुन्हा दिली, दुकानात फोन करून दुकानाच्या संगणकावरून हाक द्यायला लावली, प्रतिसाद आल्याची खात्री केली आणि मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. शेवटी ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ देऊन ती ओळ तेथे उतरल्याचे डोळ्यांनी पाहिले. बिल निघाले. मालमोटार दोन तास उशिरा निघाली, परंतु निघाली.

संध्याकाळी त्याने सारी हकिकत आजोबांना सांगितली. राऊटर, मास्क, मार्ग यांतील फारसे त्यांच्या कानांना ओळखीचे नव्हते. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “म्हणजे पाटीवर लिहिले होतेस, वहीत उतरवले नव्हतेस?”

“हो आजोबा, तसेच.”

“आमच्या दुकानात दिवसभराचा हिशेब पाटीवर मांडायचे. वहीत उतरल्याशिवाय माझे वडील पाटी पुसू देत नसत आणि दुकानाला कुलूपही लावू देत नसत. तुझ्या यंत्राची पाटी वीज पुसते, एवढाच फरक.” मग ते काकांकडे वळून म्हणाले, “दोष त्याचाच होता आणि शोधलाही त्यानेच. पुढची जोडणीही तोच करील.”

या अनुभवातून काही सवयी प्रत्येक विद्यार्थ्याने अंगी बाणवाव्यात. बदलापूर्वी ‘शो रनिंग-कॉन्फिग’ची प्रत संगणकावर जपून ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. उपयोग झाला नाही, तर तीच आज्ञा ‘नो’ लावून मागे घ्यावी आणि मगच पुढे जावे. ‘डीबग ऑल’ चालू नेटवर्कवर देऊ नये. तिच्या माहितीच्या पुरात राऊटर गुदमरतो. ती दिली गेलीच, तर ‘अनडीबग ऑल’ने थांबवावी. ‘राइट इरेज’ ही आज्ञा पक्की वहीच कोरी करते, म्हणून ती केवळ प्रयोगशाळेतील यंत्रासाठी.

दूरच्या राऊटरवर काम करताना ‘रिलोड इन १०’ ही आज्ञा आधी द्यावी. राऊटर दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होईल असा तिचा अर्थ. रचना साठवायची का, असे तो विचारील, तर नकार द्यावा. मग बदल करावा. बदलाने आपलीच वाट बंद झाली, तर दहा मिनिटांनी राऊटर जुन्या, पक्क्या रचनेसह उठतो आणि वाट मोकळी होते. बदल यशस्वी झाला, तर ‘रिलोड कॅन्सल’ म्हणावे आणि मग रचना पक्की करावी. येथे क्रमाला महत्त्व आहे. तपासण्यापूर्वी पक्के केले, तर चूकही पक्की होते. आणि कन्सोलची तार नेहमी हाताशी असावी. २०२१ च्या त्या रात्री एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी माणूस यंत्रापाशीच पाठवावा लागला होता.

सरावासाठी महागडी यंत्रे घेण्याची गरज नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवले की पॅकेट ट्रेसर हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्यात दुकान आणि गोदाम मांडावे, दोन्ही राऊटर जोडावेत आणि मग मुद्दाम परतीचा मार्ग काढून टाकावा, दार बंद करावे, मास्क चुकवावा. प्रत्येक वेळी आधी केवळ ‘शो’ आणि ‘पिंग’ यांच्या बळावर दोष ओळखावा आणि तो वहीत लिहावा. त्यानंतरच हात लावावा. चुका करण्याची हीच जागा आहे. तेथे कोणाची मालमोटार दारात उभी नसते.

त्या पेढीत आता राऊटरशेजारी खिळ्याला एक लहान वही टांगलेली आहे. प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि दिलेली आज्ञा तिच्यात लिहिली जाते, आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न असतो: पक्के केले का? त्यापुढे खूण झाल्याशिवाय नातू लॅपटॉप मिटत नाही.